ठमीची घंटा

एका घोड्याची बादली चुकून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवली, तर वहिनी माणसाला उभा सोलायची. तिच्या तबेल्यात लहानथोर मंडळी घोडेस्वारी शिकायला यायची, आणि घोड्याला हात लावायच्या आधी प्रत्येकाला तिचं एक भाषण ऐकावं लागायचं. बादली म्हणजे दात घासायचा ब्रश. तुम्ही शेजाऱ्याच्या ब्रशने दात घासता का? नाही ना? मग ह्या मुक्या जीवांनीच काय पाप केलंय? प्रत्येक बादलीला वेगळा रंग, प्रत्येक खराऱ्याला त्याच रंगाची चिंधी, आणि बाहेरून आलेला घोडा राजाघरचा का असेना, आधी मागच्या शेडमध्ये एकटा राहणार म्हणजे राहणार. लोक पाठीमागे हसायचे. हसोत बापडे, त्यांनी कुठे काय बघितलं होतं!

वहिनीने बघितलं होतं. तिचा नवरा होता तेव्हा अंगणात मोठा दगडी हौद होता. संध्याकाळी सगळे घोडे त्यावर माना टाकून पाणी प्यायचे आणि तो कौतुकाने बघत बसायचा. मग एका वर्षी घशाच्या गाठींचा रोग आला. आधी ताप, मग नाकातून पू, मग जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी. त्या हौदाने तो अख्ख्या तबेल्याला वाटला. बरेच घोडे उठले, काही नाही उठले. जे उठले नाहीत त्यांची श्वासासाठी चाललेली घरघर वहिनीच्या कानात बसली ती कायमचीच. पुढे नवरा गेला, तबेला तिच्या गळ्यात पडला, तेव्हा तिने पहिलं काम काय केलं, तर तो हौद मातीने भरून टाकला आणि त्यात फुलझाडं लावली.

तबेल्याचं दुसरं चाक म्हणजे तिचा धाकटा दीर. ती त्यांना भावजी म्हणायची, ते तिला वहिनी, आणि त्यांचं ऐकून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारापासून शिकणाऱ्या पोरांपर्यंत सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले होते. बसायला आणि दौडायला शिकवायचं काम भावजींचं. माणूस लोण्याहून मऊ. नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जन्मात जमलं नाही, आणि सगळं रामायण घडलं ते त्यातूनच.

तबेल्यात एक म्हातारा घोडा होता, पंत. उंचापुरा, पांढरा, चालण्यात अजून ऐट, पण डोळ्यांच्या दुखण्याने दोन्ही डोळे गेलेले. त्यांचे डोळे म्हणजे ठमी. ठमी बुटकी, पोट सुटलेली, महा हट्टी घोडी. तिच्या गळ्यात चामड्याच्या पट्ट्याला एक पितळी घंटा असायची. ठमी पुढे, घंटा वाजतेय, आणि पंत मागे मान खाली घालून, असं रोजचं चालायचं. ठमी पाण्याशी थांबली की पंत पाणी प्यायचे, ठमीने चारा ओढला की पंत चारा खायचे. भावजी म्हणायचे, एवढं ऐकणारा नवरा कुणाला मिळालाय का सांगा.

तर एका शाळेला मैदानावर मुलांना घोड्याच्या फेऱ्या मारायला एखादी शांत घोडी हवी होती. भावजी अर्थातच हो म्हणाले आणि सकाळी ठमीला घेऊन गेले. तिथे आणखी कुठली कुठली तट्टं आली होती, आणि ठमीचं नाक म्हणजे काय विचारता, प्रत्येक भांड्यात. संध्याकाळी परत आले तर वहिनी फाटकातच उभी. तिने बोट दाखवलं ते थेट मागच्या शेडकडे.

"अहो वहिनी, ही आपलीच ठमी आहे," भावजी म्हणाले.

"सकाळी आपली होती. आता बाहेरून आलीय."

मोतद्दार तोंड फिरवून हसला. थोड्याच दिवसांत ठमीला ताप भरला, नाक वाहायला लागलं, जबड्याखाली गाठ आली, आणि मग कुणी हसलं नाही. वहिनीने अंगणात मधोमध चुन्याची जाड रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे शेड, ठमी आणि भावजी. अलीकडे बाकी सगळे. मीच नेली, मीच बघतो, असं म्हणून भावजींनी आपली वळकटी शेडशेजारच्या खोलीत नेली होती. वहिनी त्यांचं ताट रेघेवरच्या स्टुलावर ठेवायची आणि मागे सरायची. भावजी तिकडून म्हणायचे, काय वहिनी, वाळीत टाकलंत की हो आम्हाला. ती हसायची, पण रिकामं ताट त्यांनी कुठे ठेवलं ते बघून मगच.

तबेला वाचला. पण पंत उभे राहिले ते भिंतीला नाक लावून. एक दिवसाचा दुरावा त्यांनी सोसला असता. हा काही संपेना. चारा समोर तसाच पडून राहायचा, बादली भरलेली ती भरलेलीच. वहिनीने हाताने गाजरं भरवायचा प्रयत्न केला, एखादं चघळून पंत ते टाकून द्यायचे. तिने बाजारातून नवी घंटा आणली आणि मोतद्दाराला ती वाजवत पुढे चालायला लावलं. पंतांनी कान मागे पाडले आणि त्याला चक्क पाठ दाखवली. इतका अपमान मोतद्दाराचा त्याच्या सासऱ्यानेही केला नव्हता, असं तोच सांगायचा. बरगड्या दिसायला लागल्या. वहिनी येता-जाता पंतांच्या मानेवरून हात फिरवायची आणि कामाला लागायची, कारण थांबली असती तर रडली असती.

एके सकाळी भावजी रेघेशी आले. म्हणाले, वहिनी, पंतांचं एक सुचलंय. तिने पुढचं ऐकलंच नाही. तिकडची काडीसुद्धा इकडे येणार नाही, विषय संपला, असं म्हणून ती वळली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिने लांबूनच हात हलवून नाही म्हटलं. भावजी गुपचूप मागे गेले.

मग एका दुपारी ती चाऱ्याचं बघायला बाहेर गेली. परत येताना फाटकातच तिला घंटा ऐकू आली. ओळखीची, जराशी बसक्या आवाजाची ठमीची घंटा, आणि पाठोपाठ पंतांच्या टापा. तिला आधी नुसता आनंदच झाला. किती दिवसांनी तो आवाज! आणि मग ती धावतच आत शिरली, कारण आवाज रेघेच्या अलीकडून येत होता.

भावजी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, कोरे बूट चढवून आले होते. डोक्यावरून पाणी अजून निथळत होतं. त्यांच्या हातात घंटा होती आणि पंत त्यांच्या मागे मागे येऊन बादलीत तोंड घालून घटाघटा पाणी पीत होते. भावजींचा चेहरा असा फुलला होता की त्यांना रागवायला दगडाचं काळीज हवं. पाणी पिऊन झाल्यावर पंतांनी नाक वर केलं, घंटेच्या पट्ट्याशी नेलं, आणि त्या पट्ट्यावर ओठ फिरवत तो चाटत उभे राहिले.

वहिनी ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पट्टा?"

भावजींनी हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. घंटा त्यांनी औषधाच्या पाण्यात बुडवून घासून लख्ख केली होती. स्वतःला तर इतकं घासलं होतं की मान लाल झाली होती. पट्टा मात्र नुसता ओल्या फडक्याने पुसला होता, आणि ठमीच्या गळ्याशी राहून राहून त्याच्या शिवणीत जे वाळलं होतं ते तिथेच होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते खाली बसले आणि डोकं धरून रडले.

डॉक्टरीणबाई आल्या. घोड्यांच्या डॉक्टर त्या, वयाने लहान पण बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, लागण झाली असेल, नसेलही. आज काही सांगता येत नाही. पंतांना आता बाकीच्या घोड्यांत ठेवता येणार नाही, आणि ठमीकडेही पाठवू नका. वाचले असतील तर तुम्हीच त्यांना आगीत ढकलाल, आणि ह्या वयात ते झेपेल की नाही, सांगता येत नाही. चाऱ्याची कोठी रिकामी करा, तिथे एकटे ठेवा, ताप बघत राहा. पट्टा जाळायला सांगून त्या निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "मला आधी विचारायचं ना. पितळ उकळून घेतलं असतं, नव्या दोरीला बांधून दिली असती घंटा. त्याला काय धोका होता?"

त्या गेल्या तरी वहिनी तिथेच उभी. भावजी रेघेपलीकडे आपल्या जागी परत गेले होते.

"मला विचारलं का नाही भावजी?"

"तेच विचारायला आलो होतो वहिनी," भावजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही विषय संपवलात."

एवढंच. पण ते वहिनीला असं लागलं की त्या दिवशी तिने ताट वाढून घेतलं ते तसंच झाकून ठेवलं. नियम चूक नव्हता, नियमानेच तबेला तरला होता. पण नियम करता करता आपण इतक्या कडक झालो की घरचा माणूससुद्धा आपल्याला विचारायला भितो, हे तिला त्या दिवशी कळलं. कुणाला दोष देणार? हौद बुजवला तिने, रेघही ओढली तिनेच, आणि भावजींचं तोंडही तिनेच बंद केलं.

घंटा खळखळत्या पाण्यात उकळली, नव्या दोरीत ओवली, आणि वहिनीने ती स्वतःच्या कमरेला बांधली. पंतांना हात लावणारा माणूस इतर घोड्यांकडे जाणार नाही, हाही तिचाच नियम. तिने तबेला मोतद्दाराच्या हवाली केला आणि स्वतः कोठीशी जाऊन राहिली. कमरेला घंटा बांधून चालणारी वहिनी बघून एरवी सगळ्या तबेल्याची हसून मुरकुंडी वळली असती. ह्या खेपेला कुणी हसलं नाही. घंटा वाजली की पंत तिच्या मागे यायचे, बादलीपाशी ती थांबली की चार घोट प्यायचे, गवताच्या दोन काड्या चावायचे. पण मग ते तिच्या कमरेशी नाक आणून हुंगायचे, आणि त्यांना तिथे बाई सापडायची, ठमी नाही. मग चावणं थांबायचं. दुपारी पंत मान वर करून हाक मारायचे. शेडमधून ठमी ओ द्यायची. पुष्कळ वेळ ते चालायचं, आणि वहिनी ते ऐकत भिंतीला टेकून बसायची.

तिने ताप बघायचा आणि देवाची करुणा भाकायची. आज नको रे, आजही नको. ताप नव्हता, पण पंत डोळ्यांदेखत झिजत चालले होते. रोगाने नाही तर उपासाने हे जाणार, हे कळायला डॉक्टरीण कशाला हवी होती!

आणि एके सकाळी ताप निघाला. तिने थर्मामीटर पुसून पुन्हा लावला. ताप होता. जबड्याखाली हात घातला, तर बोटांना गाठ लागली.

वहिनीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरावा तसं. आणि पुढच्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पंतांच्या मानेत तोंड लपवलं. ज्या रोगापायी आयुष्य दक्षतेत घातलं, त्या रोगाला आज ती, आलास का बाबा, असं म्हणत होती.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि ह्या खेपेला सांगितलं नाही, विचारलं. आता ठमीकडे नेलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, आता काय राहिलंय वेगळं ठेवायचं! न्या. ठमी सुधारतेय, गाठ फुटून मोकळी झालीय. पंतांचीही फुटेल. औषध मी देईन, पण पोटात अन्नपाणी जायला हवं. खाल्लं-प्यायलं तर पंत निभावतील.

वहिनीने दोर धरला आणि कोठीचं दार उघडलं. तिच्या कमरेची घंटा वाजायला लागली, पंत मागून हळूहळू पावलं टाकायला लागले. अंगण अर्धं ओलांडलं तोच शेडमधून ठमी खिंकाळली. पंत थबकले. कान ताठ झाले. आणि ते म्हातारं, तापलेलं, आंधळं जनावर वहिनीच्या हातातला दोर ओढत तिला, तिच्या घंटेला मागे टाकून पुढे निघालं. चुन्याच्या रेघेवरून ते गेले ते कशालाच अडखळले नाहीत. वहिनी मागून फरफटत चाललेली.

"वहिनी, बूट बुडवा आधी," भावजी शेडच्या दारातून म्हणाले, आणि औषधाच्या पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. तिचाच नियम, तिलाच. ती हसली आणि तिने बूट बुडवले.

आत पंतांनी ठमीच्या मानेवर मान टाकली होती. ठमीने जरा वेळ ती चालवून घेतली, मग हट्टीपणाने अंग काढून घेतलं आणि गवताशी गेली. पंत तिच्या मागे गेले आणि त्यांनी गवतात तोंड घातलं. चावल्याचा कचकच आवाज यायला लागला. दोघं माणसं तो ऐकत राहिली.

"भावजी, सकाळी ताप निघाला तेव्हा मला बरं वाटलं हो," वहिनी म्हणाली.

"मी तर रोज मागत होतो," भावजी म्हणाले. "तुम्हाला सांगायची छाती नव्हती."

तिने कमरेची घंटा सोडली आणि त्यांच्या हातात दिली. ठमी पाणी प्यायला आपल्या पिवळ्या बादलीकडे वळली, पंत तिच्या पाठोपाठ. ते बघून भावजी लगबगीने उठले आणि पंतांची निळी बादली आणायला कोठीकडे निघाले.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "एकच पुरे."