भरल्या गाडीचा बिघाड

"गाडीला काय माणसं मोजता येतात का ताई?" शिवलिंग मिस्त्री हसला आणि ज्योत्स्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हदगावच्या त्याच्या गॅरेजवर ती तिसऱ्यांदा आली होती आणि तिसऱ्यांदा तेच सांगत होती. व्हॅन बारा वर्षांची, म्हातारी, पण इमानी. रोज गावातल्या सात पोरींना ज्योत्स्ना तिच्यातून हदगावच्या शाळेत आणायची. जुलैपासून मात्र गाडी भरली की मीटरचे दिवे फडफडायचे, इंडिकेटर रुसायचा, हॉर्न मुका व्हायचा. पोरी उतरल्या की सगळं ठणठणीत! मिस्त्री रिकामी गाडी जागेवर चालू करणार, लखलखीत दिवे बघणार आणि म्हणणार, "काय बी न्हाई झालं." एकदा त्याने बॅटरी बदलली, एकदा सगळे फ्यूज. वर सल्ला काय, तर "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." साहेब म्हणजे तिचा नवरा आदर्श. त्याला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नाही!

शुक्रवारी कहर झाला. भर रस्त्यात मीटर काळं पडलं, गाडी बंद. पोरींचा गणिताचा पेपर बुडाला. त्यातली दगडोबांची मुलगी उज्ज्वला दहावीला. ते गावात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं. सोमवारपासून आमची पोरगी येणार न्हाई." दगडोबांनी नाही म्हटलं की बाकीचेही नाही म्हणणार. शाळेच्या वेळेला एसटी नाही, म्हणजे सातही जणी घरी बसणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

आणि आज रविवार. गॅरेजसमोरच्या थांब्यावर तिच्याच गावच्या भामाबाई आणि पाच-सहा जणी बाजार करून एसटीची वाट बघत होत्या. ज्योत्स्नाने तिथूनच हाक मारली.

"भामामावशी, या समद्या गाडीत. घरी सोडते. पण आधी या मिस्त्रीला जरा बघू द्या."

"मग एसटीत कशाला मरायचं!" म्हणत भामाबाई पिशव्यांसकट आत घुसल्या, मागोमाग बाकीच्या. मधलं सीट करकरलं. ज्योत्स्नाने चावी फिरवली. मीटर लागलं, फडफडलं, गप झालं. हॉर्न दाबला, तर चूं की चां नाही.

"मोजा आता माणसं, मिस्त्री!"

शिवलिंगचं हसू कुठल्या कुठे गेलं. बायांना उतरवून त्याने मधलं सीट उचललं. खाली अर्थिंगची जाड वायर बॉडीला बोल्टनं बसवलेली होती आणि तिच्या टोकाखाली पिवळ्या रंगाचा जाड थर होता. रंगातून करंट कसा जाणार? रिकाम्या गाडीत वायर कशीबशी टेकून असायची, वजन पडलं की पत्रा लवायचा आणि ती सुटायची.

"हा रंग कुणी मारला?"

"आरटीओच्या पासिंगच्या घाईत झालं असंल..."

"कुणी, ते विचारून राहिले मी."

"म्याच," शिवलिंग पुटपुटला. "जूनमधी."

घ्या! तीन महिने हा गृहस्थ स्वतःचाच घोळ तिच्या नवऱ्याला समजावून सांगायला निघाला होता!

त्याने रंग खरवडला, पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला. बाया पुन्हा बसल्या. भामाबाईंनी तर सीटवर दोन उड्याही मारून बघितल्या. एकही दिवा फडफडला नाही. शिवलिंग हात पुसत निघाला, तर ज्योत्स्ना आडवी आली.

"कुठं? बसा गाडीत. माझी बेइज्जती गावात झाली, तुम्ही बी गावातच सांगायचं."

दगडोबा अंगणात सोयाबीन वाळत घालत होते. शिवलिंगने खाली मान घालून सगळं सांगितलं. चूक आपली, ताईंची नाही, गाडी आता पक्की. भामाबाईंनी "म्या सोता बघितलं" म्हणून साक्ष दिली.

दगडोबांचा चेहरा निवळला. "असं हाय व्हय! मग काय हरकत न्हाई." त्यांनी हात झटकले आणि शिवलिंगला विचारलं, "मिस्त्री, उद्या पोरीला किती वाजता उभी करू?"

"सात वाजता," ज्योत्स्ना म्हणाली.

दगडोबा अजून शिवलिंगकडेच बघत होते. ती सरळ चालत गेली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"इकडं बघा मामा. सात वाजता. आन् हितून पुढं विचारायचं ते मला विचारायचं. गाडी मी चालवते."