यादीतलं बारावं नाव

"डब्याखाली काय हाय?" गेटवर झडती घेणाऱ्या रंगरावांनी विचारलं.

"पुस्तक आहे, काका," विजयश्री म्हणाली.

पहिली शिफ्ट सुटली होती. तिच्यामागे बायकांची रांग खोळंबली होती आणि कंपनीची बस इंजिन चालू ठेवून उभी होती. घाई फक्त रंगरावांना नव्हती. बावीस वर्षांत ती त्यांना कधीच नव्हती.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचं वायरिंग तयार होतं, असं रंगराव ऐकून होते. आत जाऊन बघायचा प्रसंग कधी आला नाही. त्यांचं राज्य गेटपासून केबिनपर्यंत. आत जाताना डबा किती जड होता आणि बाहेर येताना किती आहे, हे त्यांचा हातच सांगायचा. कुणी हसून बोललं तर त्यांना शंका यायची आणि कुणी गप्प राहिलं तर जास्तच यायची. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार?

या पुस्तकावर तर त्यांचा महिनाभर डोळा होता. खाकी कव्हर, विटेएवढं जाड. आत गेलं विजयश्रीच्या पिशवीतून, बाहेर आलं तिच्याच लाइनवरच्या सलोनीच्या. मग कँटीनच्या गोजाबाईंकडे दिसलं, आता परत विजयश्रीकडे. पोथी असती तर डब्याच्या वर असती, खाली कशाला दडवायची?

त्यांनी पुस्तक उलटं केलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं अकरा बायकांची नावं होती. काहींच्या पुढे टिक.

"ह्ये ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. विजयश्रीचा चेहरा पडला. रंगरावांनी तेही टिपलं.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक यादी निघाली होती, कंत्राटी पोरांच्या युनियनची. तीही रंगरावांनीच पकडली होती आणि शाबासकी मिळवली होती. त्या यादीतल्या एकालाही पुढच्या महिन्यात कामावर बोलावलं नाही. रंगरावांनी रजिस्टर ओढलं आणि नेटक्या अक्षरात लिहिलं: 'विजयश्री, वायरिंग लाइन. संशयास्पद पुस्तक. मागे अकरा महिलांची नावे.' रजिस्टर दर शनिवारी सिक्युरिटी ऑफिसर यशवंतराव साहेबांकडे जायचं. त्या दिवशी बुधवार होता.

गुरुवारी सकाळी विजयश्री केबिनशी आली.

"काका, पुस्तक द्या ना. अजून चौघींचा नंबर आहे."

"कसला नंबर?"

"वाचायचा. मागं यादी नाही का? वाचून झालं की टिक करायची."

"असं हाय तरी काय त्यात?"

"व्हॅम्पायर. रक्त पिणारी पिशाच्चं. सात भाग आहेत. पहिली पन्नास पानं जरा धीर धरा, मग जेवणसुद्धा सुचत नाही."

"बाईमाणसानं असलं वाचावं?"

"दिवसभर वायरी खोचतो काका आम्ही. पुस्तकात कुणी तीनशे वर्षं जगतं, कुणी भिंतीवरून उडतं. बरं वाटतं." तिनं पुस्तकाकडे बोट दाखवलं. "तुम्ही वाचा ना आधी. बाकीच्यांना मी सांगते."

"मला का म्हनून देतीस?"

"आवडलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं. घरी कोण ऐकतंय?"

रंगरावांचा विश्वास बसला नाही. ती गेल्यावर ते पेन हातात घेऊन वाचायला बसले, शब्दांखाली काही खुणा आहेत का ते शोधत. पन्नास पानं झाली तरी खूण सापडेना. पुढे पेन कुठे ठेवलं ते त्यांना आठवेना. त्या पिशाच्चांचा एक नियम होता: कितीही ताकदवान असलं तरी घरातल्या माणसानं 'या' म्हटल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही.

"ह्ये मातर बराबर हाय," रंगराव मोठ्यानं म्हणाले. लिहिणारा कधीतरी गेटवर बसलेला असणार. बाहेर एक ट्रकवाला तिसऱ्यांदा हॉर्न देत होता.

शुक्रवारी दुपारी पुस्तक संपलं आणि त्यांना रजिस्टर आठवलं.

पानांना नंबर होते. खाडाखोड चालत नाही, हे नव्या गार्डांना त्यांनीच शिकवलं होतं. उद्या साहेब वाचणार आणि अकरा जणींची कामं जाणार. रंगरावांना स्वतःची लाज वाटली. 'संशय नाही' एवढंच लिहिलं तर साहेब विचारणार, तुला कसं कळलं? वाचलं म्हणून. कुठं वाचलं? त्यांना याचं उत्तर माहीत होतं आणि त्याची किंमतही. तरी त्यांनी लिहिलं: 'वरील पुस्तक मी ड्यूटीवर असताना पूर्ण वाचले. पिशाच्चांची कादंबरी आहे. यादी वाचणाऱ्यांची आहे. बारावे नाव माझे.' मग पुस्तकाच्या मागच्या पानावर आपलं नाव घातलं आणि पुढे टिक केली.

शनिवारी साहेबांनी दोन्ही नोंदी वाचल्या.

"रंगराव, ड्यूटीवर कादंबरी वाचत बसलात?"

"व्हय साहेब."

"हे लिहिलं नसतं तर चाललं नसतं का?"

"मग यादीचं तुमाला खरं वाटलं नसतं."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. बायकांचा विषय तिथेच संपला. रंगरावांचा महिनाअखेरीस संपला. आता घरी आराम करा, असा गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीनं निरोप धाडला.

साहेबांकडे चहा नेणाऱ्या गोजाबाईंनी सगळं ऐकलं होतं, त्यामुळे ते लाइनवर पोचलंच होतं. शेवटच्या दिवशी विजयश्रीनं एक खाकी कव्हरचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. "भाग दुसरा, काका. सावकाश वाचा," ती म्हणाली.

शिफ्ट सुटल्यावर रंगराव बायकांच्या मागे रांगेत उभे राहिले. गेटवर नवा गार्ड होता, रोहिदास.

"काका, तुम्ही जा की. तुमची कसली झडती?"

"तपास," रंगराव म्हणाले आणि त्यांनी पिशवी उघडून धरली.

रोहिदासनं डबा उचलला. खाली पुस्तक होतं. तो घुटमळला, मग त्यानं रजिस्टर जवळ घेतलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"लिही, लिही," रंगराव म्हणाले. "फकस्त संशयास्पद लिहू नगंस. भाग दुसरा, एवढंच लिही."