पाटी उचलण्याआधी

आपल्या नजरेला तोड नाही, अशी उस्तादाची स्वतःची समजूत होती. त्याच्या जिभेला हाड नाही, अशी बाकी डेपोची होती. लांब पल्ल्याची रात्रीची बस तो इतकी वर्षं चालवत आला होता की दिवसा गाडी चालवणाऱ्यांना तो ड्रायव्हर मानतच नसे. त्यांना तो ‘सायकलवाले’ म्हणायचा, तेही त्यांच्या तोंडावर.

नवीन पोरं भरती झाली की त्यांना बसच्या पायरीशी उभं करून शिकवायचा. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांत बघायचं नाही, आपल्या कडेची पांढरी रेघ धरायची. काच बाहेरून कोणीही पुसतो, तुम्ही आतून पुसा. तुमच्या श्वासाचा आणि बिडीचा जो चिकट थर आत बसतो, तोच समोरचा उजेड फोडून डोळ्यांत फेकतो. डॅशबोर्डचे दिवे मंद ठेवा, पुढचे खाली ठेवा. वेग आधी कमी करा, डोळे दिपल्यावर नाही. ‘आणि पिवळा चष्मा लावून माझ्यासमोर आलात,’ तो शेवटी म्हणायचा, ‘तर चष्म्यासकट गेटाबाहेर काढीन.’ तो शिकवायचा ते सगळं खरं होतं, हे त्याचे शत्रूही मान्य करत. शत्रू त्याने हौसेने जमवले होते.

पाटीची परीक्षा हीसुद्धा त्याचीच देणगी. डेपोच्या एका ड्रायव्हरने समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपून उभ्या ट्रकवर बस घातली, तेव्हा मॅनेजरने यावर काहीतरी उपाय काढा म्हणून सगळ्यांना बोलावलं. उपाय उस्तादाने काढला. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला वर्षातून एकदा वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसवायचं. भर दुपारी शटर ओढून अंधार करायचा. समोर बस उभी करून तिचा अप्पर, म्हणजे लांबचा झोत, थेट त्याच्या डोळ्यांवर सोडायचा आणि बघत राहा म्हणायचं. मग दिवे बंद. बसच्या बाजूला एका मिणमिणत्या बल्बखाली इलेक्ट्रिशियन उभा असतो, तो हातातली पाटी उचलतो. पाटीवर खडूने आकडा लिहिलेला असतो. डोळ्यांपुढचे काजवे लवकर विझले तर आकडा दिसतो, माणूस पास. नाही दिसला तर रात्रीची गाडी गेली; उद्यापासून गेटवर बसायचं आणि आडवा दांडा वरखाली करायचा. लबाडी केली तर मात्र गेटही नाही, सरळ घर. हा शेवटचा नियमही उस्तादाचाच.

परीक्षा असली की सगळा डेपो काम टाकून बघायला जमायचा. उस्ताद स्टुलाशेजारी उभा राहून तोंडाचा पट्टा सोडायचा. लंबू नावाने ओळखला जाणारा त्याचा जुना जोडीदार नापास झाला तो दिवस तर लोक अजून सांगतात. लंबूने दोनदा चुकीचा आकडा सांगितला. ‘अरे, पाटी आहे ती,’ उस्ताद म्हणाला, ‘बायको नव्हे, अंधारात अंदाजाने ओळखायला.’ लोकांची हसून मुरकुंडी वळली. दुसऱ्या दिवशी गेटच्या खुंटीवर आंधळ्याची पांढरी काठी टांगलेली होती. ती उस्तादाने पदरचे पैसे खर्चून आणली होती. लंबूने ती काढली नाही, तो तिच्यावरच आपली पिशवी अडकवायला लागला. त्यावरही लोक हसले.

तर अशा माणसाचे डोळे गेले. तेही अर्धेच, म्हणजे जास्त वाईट. दिवसा तो सुईत दोरा ओवायचा. पण रात्री समोरून गाडी गेली की रस्ता परत यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ तो चाळीस माणसं घेऊन आठवणीवर गाडी चालवायचा. वळण कुठे, पूल कुठे, सगळं पाठ होतं. रस्त्यात उभी राहिलेली गाय किंवा माणूस मात्र पाठ करता येत नाही. लपूनछपून तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता. हे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं आहे, याला ऑपरेशन नाही आणि चष्माही नाही. रात्री गाडी चालवू नका. उस्तादाने डॉक्टरलाच मूर्खात काढलं आणि घरी येऊन हे फक्त लेकीला सांगितलं. लेक डेपोच्या कंट्रोल रूममध्ये होती, गाड्या लावायचं काम तिचं. म्हणजे आपल्या बापाला रोज रात्री त्या रस्त्यावर सोडणारी तीच.

‘जावईबापूंना बोलू नकोस,’ तो म्हणाला.

‘नाही बोलणार,’ ती म्हणाली. बायको गेल्यापासून तो लेक-जावयाकडेच राहत होता, त्यामुळे न बोलणंही तिला कुजबुजत करावं लागायचं.

जावयाला सांगायची गरजच नव्हती. जावई डेपोतला इलेक्ट्रिशियन. दर आठवड्याला एकेक बस भिंतीसमोर उभी करून, भिंतीवरच्या खुणेशी ताडून तो दिव्यांचा फोकस खाली बसवायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये. सासऱ्याची बस मात्र काही दिवसांत परत बघावी तर दिवे वर. त्याने खाली करावेत, ते पुन्हा वर. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे. आधी त्याला वाटलं, धक्क्यांनी होत असेल. मग एका संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी त्याने सासऱ्याला बंपरसमोर गुडघ्यावर बसलेलं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून म्हातारा लांबवर उजेड टाकतोय. ज्या उजेडाने आपण आंधळे होतो तोच समोरच्याच्या डोळ्यांत घालतोय, डिपरच्या खालच्या झोतावरसुद्धा. ज्याने सगळ्या डेपोला दिवे खाली ठेवायला शिकवलं तो.

त्याच महिन्यात एक स्कूटरवाला बसच्या दिव्यांनी दिपून रस्त्याकडेच्या चरात पडला. त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. बस तुमच्या डेपोची होती, एवढंच तो सांगू शकला. नंबर दिसायला डोळे उघडे कुठे होते? सगळे ड्रायव्हर कानावर हात ठेवून मोकळे झाले. उस्तादाने तर वर ऐकवलं, ‘स्कूटरवाल्यांना कडेची रेघ धरायला कोण शिकवणार?’ जावई शेजारीच वायर सोलत बसला होता. त्या दिवसापासून त्याने घरी सासऱ्याशी बोलणं कमी केलं. सासऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही, कारण घरात तो एकटाच बोलायचा.

परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा लेकीचा धीर सुटला. नवरा जेवून हात धूत होता.

‘आकडा तूच लिहितोस ना पाटीवर?’

‘मीच लिहितो.’

‘बाबांना आधी सांगून टाक ना. एवढं एकच कर. रात्रीची गाडी गेली तर ते माणसात राहणार नाहीत. गेटवर बसायचं, तेही लंबूकाकांशेजारी? जीव देतील ते.’

‘आणि दिसत नसेल तर?’ त्याने नळ बंद केला.

तिला वाटलं होतं तो दचकेल. तो दचकला नाही, तेव्हा तिला कळलं की याला सगळं माहीत आहे. ती रडायला लागली. ‘हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मीच त्यांना समजावीन. मीच त्यांना दिवसाची गाडी लावीन.’

त्याने बराच वेळ हात पुसले. मग म्हणाला, ‘सत्तेचाळीस. सांग त्यांना.’

तिने सांगितलं. उस्तादाने मान हलवली, आभार वगैरे मानायची त्याला सवय नव्हती. ‘पोरगा बरा आहे,’ एवढं मात्र तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे पहिल्यांदाच.

परीक्षेच्या दुपारी वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना ज्यांना त्याने टोमणे मारले होते ते सगळे आले होते, म्हणजे सगळेच आले होते. मॅनेजर खुर्ची टाकून पुढे बसला. वर कंट्रोल रूमची खिडकी वर्कशॉपकडे उघडते, तिथे लेक उभी होती. उस्ताद इस्त्रीचा गणवेश घालून आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘चला, लवकर उरका. मला संध्याकाळी गाडी काढायची आहे, तुमच्यासारखं रिकामं नाही मी.’ शटर खाली आलं.

बसचा अप्पर लागला. उस्तादाचा चेहरा त्या उजेडात पांढराफटक दिसत होता. न दाढी दिसत होती, न सुरकुत्या. तो हलला नाही. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी पापणी मिटली नाही. हिंमत होती त्याच्यात, हे कबूल करायला हवं. मग दिवे बंद झाले.

बल्बखाली जावई उभा होता. पाटी त्याच्या काखेत होती. ती त्याने उचलायची होती. त्याने उचलली नाही. तो नुसता उभा राहिला, सासऱ्याकडे बघत. त्याच्या मनात फक्त एवढंच होतं की म्हाताऱ्याने स्वतः म्हणावं, मला दिसत नाही. तसं म्हटलं असतं तर निदान गेट मिळालं असतं. हे सगळं त्याला घरी, स्वयंपाकघरात, सरळ तोंडावर सांगता आलं असतं. पण त्या माणसाच्या तोंडावर काही सांगायची हिंमत त्याला कधीच झाली नव्हती, म्हणून त्याने ही जागा निवडली, शंभर माणसांसमोरची. भित्रा माणूस सूड घ्यायला बसला की असाच घेतो.

उस्तादाने थोडं थांबायचं नाटक केलं. डोळे बारीक केले. मान किंचित पुढे काढली, बल्बच्या दिशेने, जवळपास बरोबर दिशेने.

‘सत्तेचाळीस,’ तो ठणठणीत आवाजात म्हणाला.

कोणी काही बोललं नाही. जावयाच्या काखेतली पाटी सगळ्यांना दिसत होती, एकट्या त्याला सोडून. ‘काय झालं?’ तो म्हणाला. ‘सत्तेचाळीस. चार आणि सात. अक्षर गचाळ आहे, पण वाचता येतंय.’

तरीही कोणी हसलं नाही. त्याचा धाक एवढा होता की लोकांनी श्वास धरून ठेवले होते. आणि मग वरून, खिडकीतून, एक हसू फुटलं. लेकीचं. दोन दिवस आत दाबलेलं सगळं कसंतरीच बाहेर पडलं. तिला रडायचं होतं आणि बाहेर आलं ते हसणं. तिने तोंडावर हात दाबला. पण तेवढंच पुरलं. पोटच्या पोरीने परवानगी दिल्यावर डेपो कशाला मागे राहतो? लोक हसले, पोट धरून हसले, कोणी पत्र्यावर पाने बडवले. कुणीतरी ओरडलं, ‘उस्ताद, पाटीमागचंही दिसतं का हो?’ शटर वर गेलं तेव्हा उस्ताद स्टुलावरच बसला होता आणि आवाजाच्या दिशेने तोंड फिरवत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे.

मॅनेजरने तिथेच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. आकडा कुणी फोडला हे त्याने विचारलंच नाही. आपल्याकडे पडणाऱ्याला एकट्यालाच पडू देतात.

घरी आल्यावर उस्ताद खिडकीपाशी गणवेशातच बसून राहिला. जावई बाहेर कुठेतरी फिरत होता, त्याला घरात यायचं धैर्य नव्हतं. बऱ्याच वेळाने उस्तादाने विचारलं, ‘मी काय चुकलो? सत्तेचाळीसच सांगितला होतास ना?’

हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. लेक त्याच्यासमोर खाली बसली. ‘पाटी उचललीच नव्हती, बाबा.’

तो ते मनात नीट लावत बसला. ओठ हलत होते. मग त्याने हळूहळू मान हलवली. तिला वाटलं आता तो जावयाला शिव्या घालेल, आणि खरं तर तिला ते हवंच होतं. पण त्याने जावयाचं नावच काढलं नाही.

‘आधी कोण हसलं?’ त्याने विचारलं. ‘सगळे गप्प होते. मग कोणीतरी हसलं.’

उत्तर सोपं होतं. डेपोत त्याच्यावर हसायचा सगळ्यात जास्त हक्क कुणाचा होता? ‘लंबूकाका,’ ती म्हणाली. ‘काठीचा राग असणार त्यांच्या मनात.’

उस्तादाने शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली, वरून खाली, एकेक. शर्ट काढून नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

‘दिवे बंद झाले तसा लंबू अंधारात माझ्यामागे येऊन उभा राहिला होता,’ तो म्हणाला. ‘मी आकडा बोलल्याबरोबर त्याने माझा खांदा धरला. मी पडेन असं वाटलं असेल त्याला. शटर वर जाईपर्यंत धरून होता. तो रडत होता गं.’

लेक खाली बघत राहिली.

‘आता सांग,’ तो म्हणाला.