तांब्याभर पाणी

आईनं मोरीत ओतलेलं पाणी आधी जागेवरच थबकलं. मग त्याची पातळ कड उलटी फिरली, अंगचोरपणे मोरीचा काठ ओलांडून आली आणि स्वयंपाकाच्या ओट्याखाली जाऊन साचली. मुलीनं गवंड्याची पातळी बघायची पारदर्शक नळी पाण्यानं भरली, दोन टोकं दोन भिंतींना लावली आणि पुन्हा पुन्हा मोजलं. तीन मीटरांत चार सेंटिमीटर. उतार होता, पण घराच्या आत.

ती शहरात पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, आणि मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही तिची सवय. हे घर मात्र तिनं न मोजताच पसंत केलं होतं. आदिवासी वस्तीसाठी सरकारनं अडतीस पक्की घरं बांधली. आईचा अर्ज तिनंच भरला, खेटेही तिनंच घातले. सदतीस जणांनी ताब्याच्या कागदावर अंगठा दिला. आईनं आठ महिने दिला नव्हता. नाहीही म्हणत नव्हती. विचारलं की "बघू" म्हणायची, अधूनमधून तांब्या घेऊन यायची, पाणी ओतायची, टक लावून बघत बसायची आणि झोपडीत परत जायची. वस्तीतल्या जुन्या माणसांची ती रीतच होती. झोपडी बांधण्याआधी जमिनीवर पाणी ओतून बघायचं. ते जिथं जाईल तिथं चूल मांडायची नाही. मुलीला त्याची लाज वाटायची. पक्क्या घराला कसली आलीय पाण्याची परीक्षा, असं ती आईला हसून म्हणालीही होती.

आज योजनेचे साहेब मुकादमाला घेऊन आले होते, शाईच्या पॅडसह. अंगठा दिला तर उद्या झोपडी पाडणार. नाही दिला तर नाव यादीतून बाद. मध्ये काही नव्हतं.

संडासाला दार नव्हतं. तिनं विचारलं, तेव्हा साहेबांनी मोबाइलवर दार बसवल्याचा फोटो दाखवला. निळं दार, कडीजवळ तिकोनी टवका उडालेला. तिनं बोटानं फोटो पुढे सरकवले. घर नंबर सात, टवका. घर नंबर एकोणीस, टवका. अडतीस घरं, एकच दार.

शेजारची वहिनी दाराशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "आमच्या पोरींनी स्थळं बघताना पाहिली नसतील एवढी घरं त्या दारानं पाहिली." मुकादम खाली बघून हसला आणि साहेब हसत नाहीत हे दिसताच थांबला.

मग वहिनीनं तिला आपल्या घरात नेलं. सहा महिने वहिनी तिथं राहत होती. ओट्यापुढे तीन फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांवर बसून घरातली माणसं जेवत. वहिनीनं एक फळी उचलली. खाली काळं, सायीसारखं दाट पाणी होतं, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मैल्याची टाकी भरली की ते आत येतं, वहिनीनं सांगितलं, भात लावण्याआधी फळीवर पाय ठेवून बघावं लागतं, कुठवर आलंय ते. मुलगी खाली वाकली. प्रयोगशाळेत ती असलं पाणी रोज बाटलीत बघायची, नाकाला काही न बांधता. इथं त्याच्यापासून वीतभर अंतरावर भाताचं पातेलं होतं.

त्या परतल्या तेव्हा साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. तिनं उताराचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. थोडी ओल राहायचीच, ते म्हणाले. "आणि मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या लोकांना उघड्यावरची सवय. घरात राहायचं शिकायला वेळ लागतो."

एवढं बोलून त्यांनी आईचा हात उचलला, टेबलावरची वस्तू उचलावी तसा, आणि तिचा अंगठा पॅडवर दाबला. "हं आजी, इथं."

मुलीला त्या हाताची किळस आली. नीट कापलेली नखं, स्वच्छ बाही, अत्तराचा वास. फळीखालच्या पाण्याची आली नव्हती तेवढी.

आईनं हात सोडवून घेतला. शाईचा अंगठा कागदापासून लांब, हवेत धरून तिनं मुलीकडे पाहिलं. "उतार किती भरला?"

"चार सेंटिमीटर," मुलगी म्हणाली. "आतल्या बाजूला."

"आठ महिने लागले तुला मोजायला."

मुलीनं तांब्या तिच्यापुढे सरकवला. आईनं पदराचं टोक तांब्यातल्या उरल्या पाण्यात बुडवलं आणि अंगठा पुसायला घेतला. घाई न करता, नखाच्या कडेपर्यंत. साहेब घड्याळ बघत राहिले. पुसून झाल्यावर ती त्यांच्याकडे वळली.

"अंगठा मिळायचा नाही. झोपडी पाडायची नाही. आणि नाव यादीतच राहील. पाणी बाहेर जाईल असं घर बांधा, मग या."