फोनमधल्या ताई

ऑपरेटर बाईंना दोन आवाज होते. एक टेलिफोन ऑफिसातला, साखरेत घोळलेला. दुसरा घरातला, त्याबद्दल शेजाऱ्यांना विचारा. ड्रायव्हरसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, उभ्या संसारात हा दुसराच ऐकलेला. त्यामुळे दवाखान्याच्या ॲपवर मधुमेहाचे धडे देणाऱ्या ताई म्हणजे आपलीच बायको, अशी शंकाही त्यांना शिवली नाही.

ड्रायव्हरसाहेब बसवरून निवृत्त झालेले. घरात कुणाचं ऐकतील तर शपथ! पण कंडक्टरची घंटी वाजली की मुकाट ऐकायचं, ही सवय हाडामासात मुरलेली. फोन किणकिणायचा, ताई म्हणायच्या, "जेवण झालं ना? आता थोडं चालून या," की स्वारी निघाली. हेच सांगून सांगून बायकोचा घसा बसला होता.

"ताई काय गोड समजावतात! नाहीतर तू," ते वर ऐकवायचे.

बाई हसू दाबून भांडी घासायच्या. रागही यायचा, का नाही येणार? पण साखर आत्ता कुठे उतरायला लागली होती. गुपित फुटलं तर हा माणूस हट्टाने सगळं सोडून देईल, याची त्यांना धास्ती होती.

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर दवाखान्याने त्यांना त्या गोड आवाजासाठी बोलावलं होतं. घरी देवळाचं निमित्त सांगून त्या यायच्या आणि कापसाच्या खोक्यांमागे बसून ॲपवर आलेले रुग्णांचे प्रश्न ऐकायच्या. नर्स उत्तर सांगायची, बाई बटण दाबून ते बोलायच्या. बोट उचललं की उत्तर रवाना.

एक दिवस ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"नमस्कार ताई. पायाचं बोट काळंनिळं झालंय. दुखत मात्र नाही हं अजिबात. बायकोला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. म्हणून घरातही मोजे घालून असतो. चालेल ना?"

बाईंनी चटकन नर्सकडे पाहिलं.

"दुखत नाही हाच धोका," नर्स म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बोलवा."

बाईंनी बटण दाबलं. "नमस्कार. साखरेमुळे पायाची जाणीव कमी होते. तरी कृपया ताबडतोब दवाखान्यात..." इथवर आवाज गोड होता. पुढे तो कुठे गेला देव जाणे. "अहो, ते मोजे काढा आधी! आणि जागचे हलू नका, मी आलेच गाडी घेऊन!"

बोट उचललं गेलं. व्हायचं ते झालं.

त्या घरी पोचल्या तेव्हा ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले होते. मोजे हातात, तोंडाचा आ. घरच्या आवाजाचं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"थोडक्यात निभावलं. बोट वाचेल," दवाखान्यात जखम तपासून डॉक्टर म्हणाले.

परतताना बाईंना रडू आवरेना. "माझ्यापासून लपवलंत, आणि परक्या बाईला सांगितलंत?"

"तू घाबरतेस गं फार. वाटलं, त्या तरी धीराच्या असतील."

"मग?"

"मग काय?" त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. "त्या तर तुझ्यापेक्षा घाबरट निघाल्या!"