मास्तरांच्या अंगठ्याची कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कागद कापणारी किरकोळ कात्री नव्हे बरं का! मी शिंपीकामाची, वजनदार, उजव्या हातासाठी घडवलेली. टेलरमास्तरांचा अंगठा घासून घासून माझे कडे आतून इतके गुळगुळीत झाले की दुसऱ्या कुणाचा अंगठा मला परकाच वाटे.

मास्तर मला कुणाला हात लावू देत नसत. "कात्रीला दुसऱ्या हाताची सवय लागली की ती बिघडते," असे त्यांचे मत. एकदा त्यांच्या बायकोने माझ्या पात्यांनी नुसता दोरा कापला, तर म्हणाले, "तू माहेरी गेलीस तर निभेल, ही गेली तर दुकान बंद!"

"मग जेवायलाही हिलाच वाढायला सांगा," ती म्हणाली. मला मात्र फार अभिमान वाटला.

एके दिवशी दुकानात येताना वळणावर भरधाव टेम्पोने मास्तरांच्या सायकलला उडवले. होत्याचे नव्हते झाले. मी खिळ्याला टांगलेली आणि माझा जीवही टांगणीला. बायको दवाखान्यातून येई, दुकान झाडी, डोळे पुसत मला तेल लावी. पण माझ्या कड्यात तिने कधी बोट घातले नाही.

पुढे मास्तर हिंडूफिरू लागले, दुकानात आले. उजवा अंगठा मात्र वळेना. त्यांनी मला डाव्या हातात घेतले. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण त्या हातात माझी पाती फाकत. कापड कापले न जाता मध्येच दुमडून चुरगळले. मास्तर मटकन खाली बसले.

"संपलं सगळं," ते म्हणाले आणि रडू लागले.

बायकोने खडू उचलून त्यांच्या डाव्या हातात दिला. "रेघ तर ओढता येईल ना?"

रेघ वाकडी आली. त्यांनी ती पुसून पुन्हा ओढली. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मला तिच्यापुढे धरले. "घे. तुझ्या हाताची सवय होऊ दे तिला."

"अहो, मी?"

"हळू काप. रेघेच्या बाहेरून."

आता मास्तर आखतात, ती कापते. तिचा अंगठा बारीक, म्हणून तिने माझ्या कड्याला चिंधी गुंडाळली आहे. मास्तरांनी गुळगुळीत केलेली जागा त्या चिंधीखाली झाकली गेली. लोक म्हणतात, मास्तर बरे झाले. पण दुकान बंद करताना ते मला खिळ्यावरून काढतात, तो ताठ अंगठा माझ्यावर टेकवून थोडा वेळ बसतात आणि पुन्हा टांगून ठेवतात.

मित्रांनो, माझी धार गेली तर लावून मिळते. अंगठ्याचे तसे नाही. उद्या तुमच्या हाती गाडी आली, की वळणावर जरा हळू घ्या. पलीकडून कुणीतरी कामावर निघालेले असते.