चष्मेवाल्या कॅप्टनचं उड्डाण

कॅप्टनच्या दुकानात चष्मा करायला जायचं तर वेळ हाताशी ठेवूनच जायचं, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. नंबर तपासायची ती जड गोल चौकट एकदा का नाकावर बसली, की तुम्ही सापडलात. समोरचं धड दिसत नाही, उठून पळता येत नाही, आणि कॅप्टन एका हातानं काचा बदलत, दुसऱ्या हातानं हवेत विमान उडवत सुरू झालेले असतात.

"हे बरं दिसतंय की ते? ते? बरं. तर त्या लाकडी विमानाला आठ इंजिनं होती. आठ! पंख एवढे लांब, की दोन टोकांना सख्खे भाऊ उभे केले तर ओळखणार नाहीत एकमेकांना. आणि उडालं किती? एकदाच. मिनिटभर. झाडाच्या उंचीवर. परत म्हणून कधी नाही. आता खालची ओळ वाचा."

गिऱ्हाईक बिचारं खालची ओळ वाचायचं. करतंय काय!

कॅप्टन हे नाव शेजारच्या औषधवाल्यानं थट्टेत ठेवलेलं. पण थट्टा केव्हाच विरून गेली आणि नाव तेवढं उरलं. मान होताच तसा. वरून विमान गेलं, की कॅप्टन मानही वर न करता, चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळता पिळता सांगायचे, कुठल्या जातीचं, किती इंजिनांचं, चढतंय की उतरतंय. औषधवाला रस्त्यावर धावत जाऊन वर बघायचा आणि दर वेळी येऊन हात जोडायचा. कुणी प्रवासाला निघालं, की आधी दुकानात डोकावून जायचं. खिडकी कुठली घेऊ? कान दुखतील का हो? हादरे बसले तर? कॅप्टन सगळ्यांना धीर द्यायचे. "अहो, पंख वाकतो म्हणून तर तुटत नाही. खुशाल झोपा."

आणि हा खुशाल झोपा म्हणणारा गृहस्थ जन्मात एकदाही विमानात बसला नव्हता. आता बोला!

हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. कुणी फारच खोदून विचारलं, तर कॅप्टन नाक मुरडायचे. हल्लीच्या विमानांत काय बसायचं? सगळी एका साच्यातली. एक नळी, दोन इंजिनं, झालं. बसच ती, पंख लावलेली. पायडल मारून समुद्र ओलांडला एकानं, तसलं काही असेल तर सांगा. रॉकेटचे तुकडे पोटात घालून नेणारं ते फुगीर डोक्याचं, थाळीसारखं गोल असलेलं, कपाटाएवढ्या जागेत दोघांना कोंबून न थांबता पृथ्वीला फेरा मारून आलेलं, असलं काही असेल तर येतो, लगेच येतो. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय दर्दी माणूस आहे! खरी गोष्ट एवढीच, की कॅप्टनची विमानात बसायच्या नुसत्या विचारानं गाळण उडायची. आवड खरी होती आणि भीतीही खरी होती, आणि दोन्ही त्यांनी वाचलेल्या त्याच पुस्तकांतून आलेल्या. कारण पुस्तकं तरी कसली? ज्या उड्डाणांत काहीतरी घडलं, त्यांची. ज्यात काही घडलं नाही, त्यावर कोण कशाला लिहील?

त्यांची एकुलती एक लेक लहानपणी दुकानातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. अभ्यास कसला, बापाच्या गोष्टी ऐकायची. बारावी झाली आणि म्हणाली, मी वैमानिक होणार. कॅप्टननी रस्ताभर मिठाई वाटली, घरी आले आणि दार लावून पडून राहिले. आपणच लावलेलं झाड, आता सावली नको म्हणून कुणाला सांगणार?

लेक झाली वैमानिक. आधी विमानाच्या खऱ्या कॅप्टनच्या शेजारी बसणारी, सहवैमानिक. आणि विमान कुठलं? तेच. दोन इंजिनांची बस. तिनं दोनदा बोलावलं, "बाबा, एकदा बसा ना माझ्या विमानात." पहिल्यांदा कॅप्टनच्या पाठीत उसण भरली. दुसऱ्यांदा काचा घासायचं यंत्र बंद पडलं. यंत्र खरंच बंद होतं हं. त्याचा पट्टा कॅप्टननीच काढून खणात टाकला होता.

मग तिला बढती मिळाली. ती घरी आली, जेवली, आणि हात पुसता पुसता म्हणाली, "रविवारी सकाळी कॅप्टन म्हणून माझं पहिलं उड्डाण आहे. तुमची दोघांची तिकिटं काढलीत. जायचं आणि दुपारी परत यायचं."

"अगं, रविवारी मला..."

"पाठ नको, बाबा. यंत्रही नको." तिचा आवाज चढला. त्या घरात टॉवेल मागायचा असला तरी ती ओरडूनच मागायची, पण हे ओरडणं वेगळं होतं. "साऱ्या गावाला सांगता विमानात खुशाल झोपा म्हणून. फक्त माझं विमान आलं की तुमचं काहीतरी दुखतं. माझ्यावर भरवसा नसेल तर तसं सरळ सांगा. मी परत विचारणार नाही."

आणि ती खरंच परत विचारणार नव्हती. बापाचाच हट्टी स्वभाव उचललेला. ती गेल्यावर कॅप्टन भिंतीकडे बघत बसले.

"तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन," बायको म्हणाली. "आणि तिला खरं काय ते सांगेन."

"काय खरं?"

"की तुझा बाप घाबरट आहे म्हणून. भरवसा नाही असं पोरीला वाटण्यापेक्षा ते परवडलं."

"खबरदार!" कॅप्टन म्हणाले. घाबरट ठरण्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांच्या मनात आलं, आणि रविवारी दोन्ही एकदमच होणार असंही लगेच मनात आलं.

रविवारी निरोप द्यायला निम्मा रस्ता जमला. औषधवाल्यानं मळमळीच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. "वहिनींसाठी हो. तुम्हाला काय करायच्यात!" कॅप्टननी पट्टी घेतली, खिशात टाकली, आणि विमानतळावर पाण्याच्या नळापाशी गुपचूप एक गिळली.

विमानात बायको खिडकीपाशी बसली, पट्टा आवळला आणि डोळे मिटले. तिला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती सुखी होती. कॅप्टनच्या दुसऱ्या बाजूला जाड भिंगांचे एक गृहस्थ येऊन बसले. त्यांचा चष्मा तिरपा बसला होता. कॅप्टनना राहवलं नाही. त्यांनी तो मागून घेतला, दांडी कानामागे जिथे वळते तिथे अंगठ्यानं हलकेच दाबली, आणि परत बसवून दिला. काम चोख झालं.

"वा!" गृहस्थ खूश झाले. "मी पहिल्यांदाच बसतोय हो विमानात. जरा धाकधूक वाटते."

झालं! कॅप्टनना कान मिळाले आणि जिवात जीव आला. बोलत राहिलं की भीती जरा लांब बसते. त्यांनी धीर द्यायला सुरुवात केली. एका विमानाचं इंधन म्हणे अर्ध्या वाटेत संपलं, कारण भरणाऱ्यांनी मापात घोळ घातला होता. आधी एक इंजिन शांत झालं, मग दुसरं. पण वैमानिक असा बहाद्दर, की पतंगासारखं अलगद तरंगत आणलं आणि एका सोडून दिलेल्या धावपट्टीवर उतरवलं. तिथे मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या! एकालाही काही झालं नाही. आणि दुसरं ते, ज्वालामुखीच्या राखेत शिरलेलं. चारही इंजिनं बंद! "आणि कॅप्टन प्रवाशांना काय सांगतो? छोटीशी अडचण आहे, म्हणे. काय तो शांतपणा! लक्षात ठेवा, कॅप्टनचा आवाज जितका शांत, तितकं प्रकरण गंभीर."

गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टा त्यांनी आणखी आवळला. विमान धावायला लागलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. विमानाचा आवाज ओळखण्यात कॅप्टनचा हात कुणी धरला नसता, पण तो सगळा आवाज त्यांनी खालून ऐकलेला. दुकानातून, गच्चीवरून, कुंपणाबाहेरून. आतून विमान कसं वाजतं, हे त्यांना काडीचंही माहीत नव्हतं. आणि हे आपल्याला माहीत नाही, हेही माहीत नव्हतं.

विमान उठलं, मोठ्यानं गर्जत वर चढलं. कॅप्टननी श्वास धरून ठेवला होता. थोड्या वेळानं नाक खाली झुकून विमान सरळ झालं आणि गर्जना उतरली. एकदम उतरली. कॅप्टनना आपलीच गोष्ट आठवली. आधी एक इंजिन शांत झालं, मग दुसरं... तेवढ्यात वरच्या स्पीकरमधून आवाज आला.

"नमस्कार, मी कॅप्टन बोलते आहे. बाहेर हवा स्वच्छ आहे, आपण वेळेवर पोचू. सगळं सुरळीत आहे. आरामात बसा."

तो लेकीचा आवाज होता. पण इतका शांत, इतका मऊ आवाज त्या पोरीच्या तोंडून जन्मात कधी ऐकलेला नव्हता! संपलंच की मग. कॅप्टननी डोक्यावरचं बटण दाबलं. एकदा दाबून भागलं असतं, त्यांनी दाबूनच धरलं.

हवाई सुंदरी लगबगीनं आली. "काय झालं, काका?"

"डावं इंजिन गेलंय," कॅप्टन कुजबुजले, पण कुजबुज चार रांगा ऐकू गेली. "तुम्ही घाबरू नका. कॅप्टनला सांगा, जवळपास एखादी जुनी धावपट्टी बघा म्हणावं. मोटारी असतील तर आपण येतोय ते नाही ऐकू येणार त्यांना, तेवढं ध्यानात ठेवा."

जाड भिंगवाल्या गृहस्थांनी डोळे मिटून हात जोडले. पुढच्या रांगेतल्या माना मागे वळल्या. हवाई सुंदरी कॅप्टनकडे बघतच राहिली.

"आपण विमान क्षेत्रातले आहात का?" तिनं अदबीनं विचारलं.

कॅप्टननी तोंड उघडलं. काय सांगावं? रस्ताभर मिरवलेलं नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. पुढे खऱ्या कॅप्टनची खुर्ची भरलेली होती.

"मी चष्मे करतो," ते म्हणाले.

"अहो!" बायकोचे डोळे आता टक्क उघडे होते. ती हवाई सुंदरीला म्हणाली, आणि तिनं आवाज मुळीच खाली आणला नाही, "तुमच्या कॅप्टनचे वडील आहेत ते. पहिल्यांदाच बसलेत विमानात. भितात."

हवाई सुंदरी ओठ दाबत पुढे गेली. फोन उचलून बोलताना तिची पाठ दिसत होती. कॅप्टनना वाटलं, डावं इंजिन खरंच गेलं असतं तर फार बरं झालं असतं. लाज वाचली असती. आता लेकीला कळलं. जे लपवायला पाठ दुखवली, यंत्र मोडलं, ते पार आकाशात येऊन उघडं पडलं.

हवाई सुंदरी परत आली. "कॅप्टन म्हणाल्या, दोन्ही इंजिनं व्यवस्थित चालू आहेत. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"म्हणाल्या, पाठ कशी आहे ते विचार."

कॅप्टननी आपसूक पाठ चाचपली. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, आणि ते पुसायला रुमाल काढला तर गोळ्यांची पट्टी खाली पडली. बायकोनं ती उचलली, बघितली, आणि आपल्या पर्समध्ये टाकली. तेवढे उपकार केले.

विमान उतरलं. हिसकासुद्धा बसला नाही म्हणण्यासारखा. सगळे उतरून गेल्यावर लेक दारात येऊन उभी राहिली, खांद्यावर कॅप्टनपदाच्या चार पट्ट्या. 

"तुझ्यावर भरवसा नव्हता असं नाही गं," कॅप्टन म्हणाले. "माझा माझ्यावरच नव्हता."

"मग सांगायचं ना, बाबा! मला वाटायचं, तुम्हाला माझी लाजच वाटते. तुमची ती आठ इंजिनं, ती राख, ते पायडल. आणि मी आपली बस चालवते." तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा चढला आणि कॅप्टनना केवढं बरं वाटलं. "तुमच्या गोष्टीत बसेल असं आज काही झालं नाही. होऊ नये म्हणूनच तर आम्ही एवढं शिकतो. माझं उड्डाण कुणाच्या लक्षात राहिलं, तर मी काहीतरी चुकले म्हणून समजायचं."

दुपारी त्याच विमानानं परत येताना कॅप्टन घोरत होते. हे बायकोनं पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आत औषधवाला हजर. नंबर तपासायचं निमित्त काढलं आणि आपण होऊन चौकट नाकावर चढवून घेतली. "हं, सांगा आता. पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

कॅप्टननी काच उचलली, फडक्यानं पुसली. "सकाळी निघालो. वर गेलं. हवा स्वच्छ होती."

"मग?"

"मग उतरलो."

औषधवाला पुढे सरकला. "आणि मध्ये?"

"मध्ये काही नाही. मध्ये मी घाबरलो," कॅप्टन म्हणाले. "पहिल्यांदाच बसलो होतो."

औषधवाल्यानं चौकट काढली आणि उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात डोक्यावरून घरघर आली. कॅप्टन रोजच्यासारखे मान खाली घालून सांगतील, म्हणून तो थांबला. पण कॅप्टननी काच ठेवली, दुकानाबाहेर आले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून, डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागले. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून थकला.

"कुठल्या जातीचं हो?" औषधवाल्यानं दारातून विचारलं.

"बस आहे," कॅप्टन म्हणाले. विमान इमारतीआड जाईपर्यंत त्यांनी मान खाली घेतली नाही. "साधी बस. वेळेवर पोचतील सगळे."